दहा पैशांचा हिशेब

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि बडोद्याच्या इतिहासावर अधिकारी वक्ते बोलून गेले. माझा तसा कोणताही अधिकार नाही. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि निवृत्त झालो, एवढीच माझी ओळख. पत्रिकेवर ‘संगणकाची अंतर्रचना आणि विद्यापीठांचे विनामूल्य अभ्यासक्रम’ हा विषय वाचून दोघा-तिघा स्नेह्यांनी मला विचारले, “अहो, या वयात हे काय काढलेत?” त्याचे उत्तर देण्यासाठी मला आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझ्या फारशी कौतुकाची नाही.

आमच्या शाखेत जाडजूड लेजरे जाऊन त्यांच्या जागी यंत्रे आली, त्या काळातली ही गोष्ट आहे. या ग्रंथालयाचे एक सभासद, गणिताचे निवृत्त शिक्षक, पासबुक घेऊन माझ्या काउंटरवर आले. व्याजाच्या रकमेत दहा पैशांचा फरक होता. त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात केलेले गणित कागदावर माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “रकमेसाठी आलो नाही. चूक कुठे आहे ते कळावे म्हणून आलो.” मागे रांग होती. मी तो कागद पाहिलासुद्धा नाही. “मास्तर, यंत्र चुकत नाही,” एवढे बोलून मी त्यांना परत पाठवले. काही महिन्यांनी तो प्रोग्रॅम बदलण्यात आला. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत मोजण्याची सूचना वरून आली. ती का आली हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मास्तर पुढे काही वर्षांनी गेले. येथल्या वाचनकक्षात, खिडकीजवळच्या बाकावर ते रोज सकाळी वर्तमानपत्र वाचत असत. त्या बाकाकडे पाहिले की ते दहा पैसे मला आठवत.

निवृत्तीनंतर मनात आले की, ज्या यंत्राच्या साक्षीवर मी एका वृद्ध माणसाला खोटे ठरवले, ते यंत्र आतून चालते तरी कसे? एका नात्यातल्या मुलाचे महाविद्यालयीन पाठ्यपुस्तक आणले. त्यात व्याख्या होत्या, चौकटीत चौकटी काढलेल्या आकृत्या होत्या, आणि मागे परीक्षेत आलेले प्रश्न होते. दोन महिने वाचूनही मला काही बोध झाला नाही. तेव्हा त्या मुलानेच सांगितले की, मोठ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम आता घरबसल्या विनामूल्य मिळतात.

हे कसे घडले ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ साली जाहीर केले की, आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे, गृहपाठ आणि प्रश्नपत्रिका ती कोणाही माणसाला काहीही शुल्क न घेता खुली करणार. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांनी आरंभ झाला आणि २००७ पर्यंत ही संख्या सुमारे १,८०० वर गेली. आपल्याकडे २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला. संगणकाच्या रचनेवर मद्रास आणि दिल्ली येथील प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानांच्या संपूर्ण माला त्यात आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९८ साली आखलेला ‘संगणक-प्रणालींची ओळख’ हा अभ्यासक्रम आणि त्याची प्रात्यक्षिके अशीच उपलब्ध आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील नोआम निसान आणि त्यांचे सहकारी शिमॉन शॉकेन यांनी ‘नँड ते टेट्रिस’ नावाचा जो अभ्यासक्रम रचला, त्याची साधनेही विनामूल्य मिळतात. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

सारे भांडार असे दारात येऊन पडले, तरी मी तीनदा अपयशी ठरलो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मी व्याख्याने कीर्तन ऐकावे तशी ऐकत असे. ऐकताना सारे पटे, मान डोले, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पहिल्यांदा चार व्याख्यानांनंतर सोडले, दुसऱ्यांदा नऊ, तिसऱ्यांदा सहा. विद्या फुकट मिळणे आणि ती आपली होणे या दोन घटनांमध्ये केवढे अंतर आहे, हे मला त्या तीन प्रयत्नांनी शिकवले.

ते अंतर तुटले ते या ग्रंथालयात. आमच्या ग्रंथपालबाईंना मी माझी रडकथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि आठवड्याने आणखी दोघांना माझ्यासमोर आणून उभे केले. एक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जी याच विषयात नापास होऊन पुढे शिकावे की नाही अशा विचारात होती. दुसरा मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा तरुण, मातृभाषा गुजराती, शिक्षण बारावीपर्यंत. बांधणीसाठी काढून ठेवलेली पुस्तके जेथे ठेवतात, त्या मागच्या खोलीतले टेबल आम्हांला मिळाले. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ. नियम एकच ठरला : व्याख्यान घरी ऐकायचे, आणि येथे फक्त गृहपाठ करायचा.

पहिला गृहपाठ ‘नँड’ नावाच्या एका लहानशा घटकाचा होता. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. दोन्ही लागल्या तरच लॉकर उघडतो. नँडचे काम याच्या नेमके उलट आहे. असा एक दिवा कल्पा, जो एरवी पेटलेला असतो आणि दोन्ही किल्ल्या लागल्या तरच विझतो. दिवा पेटलेला म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. या अभ्यासक्रमात आपल्या हाती आरंभी एवढेच दिलेले असते, आणि यातून संपूर्ण संगणक उभा करायचा असतो.

एकच किल्ली दोन्ही भोकांना जोडली, की नकार तयार होतो : एक दिला तर शून्य, शून्य दिला तर एक. नँडच्या पुढे हा नकार लावला, की खराखुरा लॉकर तयार होतो. नँडच्या अलीकडे दोन्ही बाजूंना नकार लावले, की ‘दोहोंपैकी एक किल्ली लागली तरी चालेल’ असे दार तयार होते. आणि मग येते बेरीज. द्विमान पद्धतीत एक अधिक एक म्हणजे शून्य, हातचा एक. हातचा केव्हा येतो? दोन्ही अंक एक असतील तेव्हाच, म्हणजे तो आपला लॉकरच झाला! मांडायचा अंक केव्हा एक येतो? दोहोंपैकी नेमका एकच अंक एक असेल तेव्हा. शाळेत ज्या हातच्यासाठी आम्ही छड्या खाल्ल्या, तो हातचा येथे एका तारेतून शेजारच्या घराकडे जाताना मी पाहिला. अशी सोळा घरे ओळीने जोडली, की सोळा अंकी द्विमान संख्यांची बेरीज करणारे यंत्र तयार होते. हे सारे जोडकाम तारा-सोल्डरने करावे लागत नाही. वर्णन लिहून साध्या संगणकावर त्याची चाचणी घेता येते.

त्या संध्याकाळी ती मुलगी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “काका, मी हे पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण हे बेरीज करतं, हे मला आज कळलं.” तिच्या डोळ्यांत पाणी होते. आम्ही दोघे पुरुष उगाच खुर्च्या सरकवू लागलो.

बारा टप्प्यांचा तो अभ्यासक्रम संपवायला आम्हांला चौदा महिने लागले. बेरजेनंतर स्मृती, मग प्रोसेसर, मग यंत्राला आज्ञा देण्याची भाषा, कंपायलर, आणि शेवटी लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम. वरचा प्रत्येक मजला खालच्या मजल्यावरच उभा असतो, आणि खालचा आपण स्वतः बांधलेला असल्यामुळे वरच्याची भीती वाटत नाही.

त्यानंतर कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम हाती घेतला, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणांत माझे दहा पैसे मला सापडले.

दहा पैसे म्हणजे रुपयाचा एकदशांश. आपण लिहितो शून्य दशांश एक, आणि विषय संपतो. पण यंत्राला दोनाच्या भाषेतच लिहावे लागते, म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश यांच्या बेरजेत. आता एकदशांश या बेरजेत मांडून पाहा. एक सोळांश अधिक एक बत्तिसांश, त्यात एक भागिले २५६, त्यात एक भागिले ५१२, आणि असेच पुढे. ही मालिका कधीच संपत नाही. एकतृतीयांश दशांश पद्धतीत लिहिताना तीन-तीन-तीन संपत नाहीत, तसाच हा प्रकार. यंत्राजवळची जागा मर्यादित असल्यामुळे ते कोठे तरी शेपूट तोडते. असे तुटलेले दहा पैसे हजारो वेळा मिळवले, की हिशेब ढळतो. यंत्र त्याच्या नियमाप्रमाणेच वागते. रुपयाचा अपूर्णांक त्याच्या हाती देणाऱ्याने तो नियम जाणून घेतलेला नसतो, एवढेच. रक्कम पूर्ण पैशांत मोजा ही वरून आलेली सूचना कशासाठी होती, ते मला बावीस वर्षांनी कळले.

या शेपटाची किंमत नेहमीच दहा पैशांची नसते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या एकदशांशाने मोजत होते, आणि तो एकदशांश चोवीस बिटांत तोडून ठेवलेला होता. यंत्रणा सलग १०० तास चालू होती, म्हणजे ३६ लाख ठोके. प्रत्येक ठोक्याला सेकंदाचा कोट्यंशाइतका फरक साचत जाऊन तो सेकंदाच्या सुमारे एकतृतीयांशावर गेला. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्या रात्री अठ्ठावीस सैनिक मृत्युमुखी पडले. ‘यंत्र चुकत नाही’ हे वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारले नाही.

दुसरे एक उदाहरण ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष आवडेल. प्रोसेसर फार वेगवान असतो आणि मुख्य स्मृती त्या मानाने संथ. म्हणून दोहोंच्या मध्ये ‘कॅश’ नावाची लहान, चपळ स्मृती ठेवतात. आपल्याकडे वाचकाचे टेबल, काउंटरमागचे कपाट आणि वरच्या मजल्यावरचे भांडार अशी जी व्यवस्था आहे, तिचीच ही आवृत्ती. आपले शिपाईभाऊ वर गेले की कादंबरीचा पहिलाच भाग आणत नाहीत, शेजारचे भागही घेऊन येतात, कारण वाचक उद्या तेच मागणार हे त्यांना ठाऊक असते. कॅशही तेच करते. सामान्यतः एका खेपेत ६४ बाइट येतात, म्हणजे चार बाइटांच्या सोळा संख्या. मोठ्या कोष्टकातील संख्यांची बेरीज स्मृतीत त्या ज्या क्रमाने मांडल्या आहेत त्याच क्रमाने आडव्या ओळींनी केली, तर सोळा संख्यांमागे एक खेप पुरते. तीच बेरीज उभ्या रकान्यांनी केली, तर जवळजवळ प्रत्येक संख्येसाठी नवी खेप. उत्तर तेच, बेरजाही तितक्याच, पण आमच्या जुन्या संगणकावर वेळ कित्येक पटींनी वाढला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने खालचा मजला का जाणावा, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

विद्या खुली करण्याची ही रीत संगणकाच्या जन्मापासूनची आहे. जून १९४५ मध्ये जॉन फॉन न्यूमान यांच्या नावाने एडव्हॅक या नियोजित यंत्राचा एक कच्चा अहवाल वाटला गेला. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची कल्पना त्यात मांडलेली होती. यंत्रावर काम करणाऱ्या एकर्ट आणि मॉचली यांची नावे त्यावर नव्हती, आणि हा अन्याय त्यांना शेवटपर्यंत सलला. परंतु अहवाल जाहीर वाटला गेल्यामुळे त्यातील रचनेवर कोणालाही पेटंट घेता आले नाही आणि ती सर्वांची झाली. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात उन्हाळी व्याख्याने झाली. केंब्रिजहून गेलेले मॉरिस विल्क्स तेथे उशिरा पोहोचले, शेवटची काही व्याख्याने तेवढी त्यांना मिळाली, आणि ६ मे १९४९ रोजी त्यांचा एडसॅक चालू लागला. त्याच विचाराच्या धर्तीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले.

याउलटही घडले आहे. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर १९७७ च्या सुमारास एक भाष्य लिहिले. परवान्याच्या अटींमुळे ते उघडपणे छापता येईना. जवळजवळ दोन दशके त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स हातोहात फिरत राहिल्या. १९९६ मध्ये ते रीतसर प्रसिद्ध झाले. आज त्याच युनिक्सच्या नमुन्यावर शिकवण्यासाठी लिहिलेली ‘एक्सव्ही-सिक्स’ ही छोटी प्रणाली कोणालाही सहज मिळते. पूर्वी विद्यार्थी प्रत मिळवण्यासाठी धडपडत. आता प्रती पडून आहेत आणि वाचणारा हवा आहे.

म्हणून, या अभ्यासक्रमांत काय मिळत नाही तेही सांगतो. गृहपाठ तपासणारे मिळत नाही. अडले तर विचारायला शिक्षक मिळत नाही. भाषा बहुतेक इंग्रजी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘मंगळवारी का आला नाहीत?’ असे विचारणारे कोणी मिळत नाही. आमच्या टेबलाने एकमेकांना दिले ते हेच.

ती मुलगी विषय उत्तीर्ण झाली आणि शिकते आहे. त्या तरुणाची गोष्ट मात्र अर्धवट राहिली. कार्नेगी मेलनच्या अभ्यासक्रमात एक प्रात्यक्षिक आहे : केवळ यंत्राच्या भाषेतील आज्ञा वाचून एका प्रोग्रॅमची सहा गुप्त उत्तरे शोधायची, चुकले की तो ‘स्फोट’ करतो. आम्हां दोघांना दुसऱ्या पायरीवर घाम फुटला, आणि हा बारावी झालेला पोरगा चौथीपर्यंत एकट्याने गेला. दुकानात मुके सर्किट वाचायची त्याची सवय होती. पुढे दुकानाची वेळ रात्री दहापर्यंत झाली. सात वाजता त्याला येणे जमेना, आणि नऊला आपले ग्रंथालय बंद होते. आता तो सुरतेला असतो. त्याच्याजवळ चांगला फोन आहे, आणि सारे अभ्यासक्रम त्या फोनवरही विनामूल्यच आहेत. पण पाचवी पायरी त्याने अजून सोडवलेली नाही. मी दर महिन्याला विचारतो.

सभासदहो, आपण बडोद्यात बसलो आहोत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. त्याआधी १८९० मध्येच येथे कलाभवन निघाले होते, आणि प्राध्यापक गज्जरांच्या पुढाकाराने तेथे तांत्रिक विद्या मातृभाषेतून शिकवली जाई. पेटी मोफत पाठवली की काम झाले, असे महाराजांनी मानले नाही. पेटीबरोबर शाळा काढली, ग्रंथपाल शिकवून तयार केले, आपल्या भाषेत पुस्तके लिहवून घेतली. आज अमेरिकेहून पेटी आपोआप आली आहे. पुढचे काम आपले आहे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी चार मागण्या ठेवतो. मागची ती खोली आठवड्यातून दोन दिवस रात्री साडेदहापर्यंत उघडी असावी. सभासदांकडे पडून असलेल्या जुन्या संगणकांपैकी दोन चालू स्थितीत तेथे ठेवावेत. त्यांवर हे अभ्यासक्रम, ज्यांच्या अटी परवानगी देतात तेवढे, उतरवून ठेवावेत, म्हणजे घरी इंटरनेट नसलेल्यालाही ते वाचता येतील. आणि आम्ही चौदा महिन्यांत ज्या अडचणींना अडखळलो, त्यांची मराठी टिपणे दोन वह्यांत लिहून काढली आहेत, त्या वह्यांना रीतसर दाखल क्रमांक देऊन संदर्भ विभागात जागा द्यावी. साडेदहापर्यंत किल्ली सांभाळायला मी स्वतः बसेन. लॉकरच्या किल्ल्या चौतीस वर्षे सांभाळल्या आहेत, हीही सांभाळेन.

शेवटी, माझे ऋण. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी एकदशांशाची ती न संपणारी मालिका लिहिली आहे आणि खाली मास्तरांचा हिशेब बरोबर होता, असे नमूद केले आहे. पासबुकातली नोंद आता दुरुस्त होणार नाही. निदान या ग्रंथालयाच्या दप्तरी ती बरोबर लागावी, एवढी इच्छा आहे.